शुद्ध केलेल्या सांडपाण्यात काय उरते? प्रतिजैविकरोधी जिवाणू आणि त्यांची जनुके

नीरक्षीर
सांडपाणी शुद्धीकरण केंद्र नीट चालले आहे की नाही हे आपण ज्या मोजमापांवरून ठरवतो, ती एका वेगळ्याच प्रश्नासाठी तयार झालेली आहेत. १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये सक्रिय गाळाची, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंकरवी घाण खाववण्याची, पद्धत मांडली, तेव्हा चिंता होती ती नदीतला प्राणवायू खाऊन टाकणाऱ्या सेंद्रिय घाणीची. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर चौदा वर्षांनी लागला. आजही बहुतेक केंद्रांच्या नोंदवहीत बीओडी व सीओडी (घाणीला किती प्राणवायू लागेल याची मापे), तरंगते घन पदार्थ आणि फार तर विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचा एक गट) एवढेच रकाने असतात. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू त्यातल्या एकाही रकान्यात दिसत नाहीत, आणि जे नोंदवहीत दिसत नाही त्याच्यासाठी निधी मागणेही अवघड होते.

प्रश्नाचा आवाका लक्षात यावा म्हणून एक साधा हिशेब मांडतो. कच्च्या मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जिवाणू एक कोटी आहेत असे धरू. शहरी मैलापाण्यासाठी हा आकडा अवास्तव नाही. केंद्राने त्यातले ९९ टक्के काढून टाकले, म्हणजे काम उत्तम झाले, तरी १०० मिलिलिटरमागे एक लाख जिवाणू उरतात. केंद्र रोज दहा कोटी लिटर पाणी सोडत असेल आणि उरलेल्या जिवाणूंपैकी केवळ एक टक्का ईएसबीएल विकर तयार करणारे, म्हणजे सेफोटॅक्झिमसारख्या औषधांना निष्प्रभ करणारे असतील, तर दररोज अशा एक लाख कोटी जिवंत पेशी प्रवाहात जातात. टक्केवारीच्या भाषेत जे समाधानकारक वाटते, ते एकूण संख्येच्या भाषेत तसे उरत नाही.

याचा अर्थ केंद्रे निरुपयोगी आहेत असा कोणी काढू नये. माझे म्हणणे इतकेच आहे की जिवाणूंची संख्या घटली म्हणजे प्रतिरोधही त्याच प्रमाणात घटला, असे गृहीत धरता येत नाही. प्रतिरोधाची जनुके अनेकदा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे एक छोटे कडे. संयुग्मनाच्या वेळी, म्हणजे दोन जिवाणू एकमेकांना जोडले जातात तेव्हा, ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, प्रसंगी वेगळ्या प्रजातीकडेही जाते. त्यामुळे जिवाणू आणि जनुके या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि पाणी व गाळ या दोन्ही वाटांनी मोजाव्या लागतात. प्रत्यक्ष केंद्रावर, प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांनी यावर सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

वायुवीजन
धागा वेळेवर काढलात. केंद्र चालवणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो. वायुवीजन टाकीत, म्हणजे जिथे हवा सोडतात त्या टाकीत, सुटे पोहणारे जिवाणू तुलनेने थोडे असतात; बहुतेक सगळे गाळाच्या पुंजक्यांत, म्हणजे फ्लॉकमध्ये अडकलेले असतात. आतड्यातून आलेले ई. कोलाय या पुंजक्यांना चिकटतात, काहींना प्रोटोझोआ खातात, आणि उरलेले निवळण टाकीत गाळाबरोबर तळाशी बसतात. म्हणून ९९ टक्के घट झाली असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला मोठा वाटा मेलेला नसतो, तो फक्त पाण्यातून गाळात गेलेला असतो.

यातूनच कमी खर्चाचा उपाय निघतो. निवळण टाकीच्या कडेला दातेरी पट्टी असते, तिच्यावरून पाणी पन्हाळीत पडते. गाळ फुगलेला असेल, तंतुमय जिवाणू माजले असतील किंवा पावसाने प्रवाह एकदम वाढला असेल, तर या दात्यांमधून करड्या रंगाचे बारीक पुंजके पाण्याबरोबर निसटताना उघड्या डोळ्यांना दिसतात. अशा प्रत्येक पुंजक्यात जिवाणूंची दाट वस्ती असते, आणि पुढे क्लोरीन दिले तरी ते पुंजक्याच्या गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. अतिनील दिव्यांचेही तसेच आहे, कारण पुंजक्याच्या आतल्या पेशी बाहेरच्या थराच्या सावलीत राहतात. परतीच्या (निवळण टाकीतून पुन्हा वायुवीजन टाकीत पाठवलेल्या) गाळाचे प्रमाण, गाळाचे वय (तो केंद्रात सरासरी किती दिवस राहतो) आणि टाकीतली गाळाची पातळी या तीन गोष्टींवर नीट लक्ष ठेवले, तर प्रतिरोधी जिवाणूंचे बाहेर पडणेही कमी होते. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही, प्रशिक्षित आणि पुरेसे मनुष्यबळ लागते. दुर्दैवाने खर्चात कपात करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड मनुष्यबळावरच पडते.

मात्र ‘शुद्धीकरण केंद्र म्हणजे प्रतिरोधी जिवाणूंचा कारखाना’ हे विधान आजकाल सहज केले जाते, ते मला मान्य नाही. तसा ठोस पुरावा असेल तर जरूर द्यावा.

जिज्ञासू
मी या क्षेत्रातला नाही, म्हणून प्राथमिक प्रश्न विचारतो. शेवटच्या टप्प्यावर क्लोरीन किंवा अतिनील किरणांनी जिवाणू मारले, तर मेलेल्या जिवाणूच्या जनुकांची काळजी का करायची? आणि ती जनुके इतकी महत्त्वाची असतील, तर किरणांची मात्रा वाढवून तीही नष्ट का करू नयेत?

अणुरेणू
जिज्ञासू, आपला प्रश्न प्राथमिक नाही. या विषयातली खरी अडचण तिथेच आहे. मेलेल्या जिवाणूचा आनुवंशिक गुण जिवंत जिवाणू उचलू शकतो, हे ग्रिफिथ यांनी १९२८ मध्येच न्यूमोनियाच्या जिवाणूंवर दाखवले होते. पेशी फुटली की तिचा डीएनए पाण्यात मोकळा होतो, आणि काही प्रजाती तो बाहेरून आत ओढून घेतात. असिनेटोबॅक्टर या बाबतीत विशेष तरबेज असतो, आणि त्याचे काही प्रकार रुग्णालयांत गंभीर संसर्ग घडवतात.

आता मात्रेविषयी. ई. कोलाय निष्क्रिय करायला अतिनील किरणांची १० ते २० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर एवढी मात्रा पुरते. जनुकाचा डीएनए हजारपट किंवा त्याहून अधिक घटवायचा असेल, तर प्रयोगांत २०० ते ४०० मिलिज्यूल लागलेले आहेत. ही मात्रा किमान दसपट होते, आणि दिवे व वीज यांचा भार त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय कमी मात्रेने इजा झालेले जिवाणू उजेडात आपला डीएनए दुरुस्त करू शकतात, कारण त्यांच्याकडे फोटोलायेज नावाचे विकर असते. म्हणूनच अतिनील टप्प्यानंतर पाणी उघड्या नाल्यातून वाहत गेले, तर नमुना दिव्यांच्या लगेच पुढे घ्यायचा की नाल्याच्या तोंडाशी, याने निकालात फरक पडतो. क्लोरीनची अडचण वेगळी आहे. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइन बनते, आणि क्लोरामाइनची मारकशक्ती मोकळ्या क्लोरीनपेक्षा बरीच कमी असते. नायट्रीकरण, म्हणजे अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर, अर्धवट झालेल्या केंद्रात हे हमखास घडते.

तरीही एक सावधगिरी हवी. क्यूपीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या चाचणीने, आपण जनुकाचा शे-दोनशे बेस लांबीचा तुकडा शोधतो. तो तुकडा सापडला म्हणजे जनुक अखंड आहे, आणि अखंड असले तरी ते कोणी उचलून वापरील, असे सिद्ध होत नाही. मोकळ्या डीएनएचा धोका खरा आहे, पण जिवंत प्रतिरोधी जिवाणूच्या धोक्याच्या बरोबरीने तो मांडणे मला पटत नाही. प्लाझ्मिडसह जिवंत पेशी बाहेर जाणे हे कितीतरी अधिक थेट आहे. त्यामुळे बारीक छिद्रांचे गाळण-पटल असलेल्या जैविक शुद्धीकरण टाकीचे, म्हणजे एमबीआरचे, महत्त्व वाढते. तिची छिद्रे बहुधा ०.०४ ते ०.४ मायक्रोमीटरची असतात आणि ई. कोलाय एक ते दोन मायक्रोमीटर लांब असतो, म्हणून पटल धड असेल तर जिवाणू अडतात. मोकळ्या डीएनएचा काही भाग मात्र त्यातूनही जातो.

शुश्रूषा
वैद्यकीय बाजूने लिहिते. २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या औषधरोधामुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२.७ लाख आहे, आणि ज्यांच्याशी औषधरोधाचा संबंध होता असे मृत्यू ४९.५ लाख. वॉर्डात हा आकडा वेगळ्या रूपाने समोर येतो. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गासाठी पूर्वी तोंडाने घ्यायची गोळी पुरत असे. आता संवर्धनाचा (नमुन्यातले जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीचा) अहवाल हातात येईपर्यंत शिरेतून कार्बापेनेम गटातले राखीव प्रतिजैविक द्यावे की नाही, हा निर्णय करावा लागतो.

इथे एक प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो की रुग्णालयाचे सांडपाणी वेगळे शुद्ध केले तर पुढचे सगळे सोपे होईल ना? मला वाटते, ते करायलाच हवे, पण तेवढ्याने भागणार नाही. रुग्णालयाच्या पाण्यात कार्बापेनेमरोधी जिवाणूंचे आणि प्रतिजैविकांच्या अवशेषांचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे उगमापाशी निर्जंतुकीकरण करणे शहाणपणाचे आहे. परंतु शहराच्या एकूण मैलापाण्यात रुग्णालयांचा वाटा लहानच असतो. ईएसबीएल जिवाणू आतड्यात बाळगणाऱ्या लोकांपैकी बहुतांश निरोगी असतात, घरीच असतात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. बहुतेक प्रतिजैविके घरीच घेतली जातात, आणि अमॉक्सिसिलिनसारख्या औषधाचा मोठा भाग मूळ रूपातच लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे प्रतिरोधाचा उगम साऱ्या शहरभर पसरलेला आहे.

नीरक्षीर
सर्वांचे आभार. वायुवीजन यांनी पुरावा मागितला, तो रास्त आहे. केंद्रात दाट वस्ती, भरपूर अन्न आणि प्रतिजैविकांचे अंश एकत्र येतात, म्हणून तिथे प्रतिरोधाला अनुकूल निवड होत असावी, हे अनुमान तर्काला धरून आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या गुलबर्ग आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी दाखवले की वाढ थांबवण्यासाठी लागणाऱ्या पातळीच्या शेकडो पट खाली असलेले प्रतिजैविकही प्रतिरोधी जिवाणूंना सरसपणा मिळवून देऊ शकते. पुढे यासाठी मर्यादाही सुचवल्या गेल्या. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी ती लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे, आणि कच्च्या मैलापाण्यात तिच्यावरची पातळी अनेक देशांत नोंदलेली आहे. तरीही प्रत्यक्ष केंद्रांवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याची तुलना करणाऱ्या अभ्यासांत अशी निवड ठळकपणे दिसलेली नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचा बराचसा भाग गाळाला घट्ट चिकटतो आणि जिवाणूंना तो कितपत उपलब्ध राहतो हे सांगणे कठीण असते, हे त्याचे एक कारण असू शकेल. त्यामुळे घरगुती मैलापाण्याच्या केंद्राला कारखाना म्हणण्याइतका पुरावा नाही, हे वायुवीजन यांचे म्हणणे मला मान्य आहे.

औषधनिर्मितीच्या सांडपाण्याला मात्र हा दिलासा लागू होत नाही. २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील सामाईक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले होते. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जी कमाल पातळी येते, तिच्याहून ही जास्त आहे. अशा पाण्यात संवेदनशील जिवाणू टिकण्याची शक्यताच राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या उत्पादनातील सांडपाण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती फार आधी यायला हवी होती. असे पाणी घरगुती मैलापाण्यात मिसळून ‘पातळ’ करण्याची वाट कुठेही उघडी ठेवू नये.

आणखी एक मुद्दा दुर्लक्षित राहतो. निवड करणारा पदार्थ प्रतिजैविकच असायला हवा असे नाही. पहिल्या वर्गाच्या इंटेग्रॉनवर, म्हणजे प्रतिरोधी जनुके गोळा करणाऱ्या डीएनएच्या एका तुकड्यावर, बहुधा दोन जनुके शेजारी शेजारी असतात. एक सल्फा औषधांना रोखते, दुसरे जंतुनाशकांतल्या चतुर्थक अमोनियम संयुगांना रोखते. फरशी पुसण्याच्या द्रावणाने दुसऱ्या जनुकाला फायदा झाला की पहिलेही त्याच्याबरोबर टिकते. तांबे आणि जस्त यांच्या बाबतीतही अशी सहनिवड दिसते. डॉक्टरांनी औषधे जपून लिहून दिली, तरी ही वाट मोकळीच राहते.

मृद्गंध
मी मातीवर काम करते. एवढ्या चर्चेत गाळाचा उल्लेख येऊन गेला, पण पुढे त्याचे काय होते यावर कोणी लिहिले नाही. वायुवीजन म्हणतात तसे जिवाणू पाण्यातून गाळात गेले, तर तो गाळ शेवटी कुठे तरी जातोच, आणि अनेक ठिकाणी तो जमिनीत खत म्हणून जातो. त्यात सेंद्रिय कर्ब, नत्र आणि स्फुरद असते, त्यामुळे तो फेकून देणेही योग्य नाही. अमेरिकेत १९९३ पासून लागू असलेल्या नियमांत गाळाचे दोन वर्ग आहेत. वरच्या वर्गासाठी विष्ठाजन्य कोलिफॉर्म कोरड्या गाळाच्या एका ग्रॅममागे एक हजारांहून कमी असावे लागतात. खालच्या वर्गाला वीस लाखांपर्यंत मुभा आहे, पण मग जमिनीला टेकणाऱ्या, जमिनीवर वाढणाऱ्या खाद्यपिकांसाठी गाळ टाकल्यापासून काढणीपर्यंत चौदा महिने थांबावे लागते. या नियमांत प्रतिरोधाचा विचार नाही, तरी उष्णता आणि काळ या दोन्ही अटी प्रतिरोधी जिवाणूंनाही लागू पडतात.

गाळ मातीत मिसळल्यावर त्यातली प्रतिरोधी जनुके साधारणपणे काही महिन्यांत घटत जातात, कारण आतड्यातल्या जिवाणूंना मातीतली स्पर्धा झेपत नाही. पण तोच गाळ दर हंगामाला पुन्हा पुन्हा टाकला, तर घट पूर्ण व्हायच्या आत नवी भर पडते. म्हणून दोन वेळांमधले अंतर हे मला मात्रेइतकेच महत्त्वाचे वाटते.

वायुवीजन
मृद्गंध यांच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. विनवायू पाचक, म्हणजे हवेविना गाळ कुजवण्याची बंद टाकी, बहुतेक ठिकाणी ३५ अंशांच्या आसपास चालतो. त्या तापमानाला वायू चांगला मिळतो, पण आतड्यातल्या जिवाणूंना ते घरच्यासारखेच तापमान असते. ५५ अंशांवर चालणारा पाचक रोगजंतूंच्या दृष्टीने बराच सरस ठरतो. जनुकांच्या बाबतीतही त्याचे निकाल सहसा चांगले आहेत, जरी प्रत्येक जनुक सारखे घटत नाही. ज्यांच्याकडे असा पाचक नाही, त्यांनी कंपोस्टकडे वळावे. बंद पात्रात ५५ अंश तापमान तीन दिवस, किंवा उघड्या लांब ढिगांत पंधरा दिवस आणि त्या काळात ढीग पाच वेळा उलथणे, ही वरच्या वर्गाची अट सर्वसाधारण केंद्रालाही झेपण्यासारखी आहे. ढीग उलथणे टाळले, तर मधला भाग वाफाळत असतो आणि बाहेरचा वीतभर थर गारच राहतो, व तिथले जिवाणू सुखरूप राहतात. तापमापी ढिगाच्या मध्यावर खुपसून नोंद घेतली, तर कागदावर सगळे उत्तम दिसते, हे पर्यवेक्षकांनी ध्यानात ठेवावे.

जिज्ञासू
या सगळ्यातून प्राधान्यक्रम कसा लावायचा? ओझोन, सक्रिय कार्बन, पटले यांवर खर्च करायचा, की आधी दुसरे काही?

शुश्रूषा
माझ्या मते आधी जे पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही त्याच्यावर खर्च व्हावा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील घरगुती सांडपाण्यापैकी सुमारे ४२ टक्के पाण्याचे सुरक्षित शुद्धीकरण झालेले नव्हते. ६० देशांतील मैलापाण्याचे जनुकीय विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही प्रतिरोधी जनुकांचे प्रमाण प्रतिजैविकांच्या खपापेक्षा स्वच्छता, आरोग्य आणि सामाजिक-आर्थिक स्थितीशी अधिक जुळताना दिसले. एका केंद्राला ओझोन जोडून उरलेल्या एक टक्क्याचा दहावा भाग करण्यापेक्षा, थेट नदीत जाणारा नाला अडवून तो साध्या केंद्राला जोडला, तर कितीतरी अधिक जिवाणू अडतील.

अणुरेणू
सहमत आहे, पण एक अपवाद सांगतो. शुद्ध केलेले पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना द्यायचे असेल किंवा पिण्याच्या पाण्याच्या उपशाच्या वर लगेच सोडायचे असेल, तर पुढचा टप्पा हवाच. युरोपीय संघाच्या पुनर्वापराच्या नियमांत अशा पिकांसाठी १०० मिलिलिटरमागे ई. कोलायची मर्यादा दहा आहे, आणि ती नुसत्या निवळण टाकीने कधीच गाठता येत नाही. ओझोन वापरणाऱ्यांनी त्याच्यामागे वाळूचा किंवा कार्बनचा गाळणथर ठेवावा, कारण ओझोनमुळे मोठे सेंद्रिय रेणू तुटून जिवाणूंना सहज पचणारे अन्न तयार होते आणि पुढच्या टाकीत पुन्हा वाढ होऊ शकते.

जिज्ञासू
शेवटचा प्रश्न विचारतो. एखाद्या सामान्य केंद्राला उद्यापासून प्रतिरोध मोजायचा असेल, तर क्यूपीसीआरशिवाय काही करता येईल का?

नीरक्षीर
नक्की करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ट्रायसायकल नावाची पद्धत प्रसिद्ध केली, ती याच हेतूने सोपी ठेवली आहे. पाणी विरळ करून पटलातून गाळायचे, आणि ते पटल टीबीएक्स अगार या, ई. कोलायला रंगाने ओळखू देणाऱ्या जिवाणू-खाद्याच्या बशीवर ठेवायचे. एक बशी साधी, दुसरीत मिलिलिटरमागे चार मायक्रोग्रॅम सेफोटॅक्झिम. दुसऱ्या दिवशी ई. कोलायच्या वसाहती पटलावर निळ्या-हिरव्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. साध्या बशीवरचे ठिपके मोजले, औषधाच्या बशीवरचे मोजले, दोन्ही संख्या विरळीकरणाने गुणून एकाच आकारमानावर आणल्या आणि भागाकार केला, की ईएसबीएलचा संशय असलेल्या ई. कोलायचा वाटा मिळतो. कोलिफॉर्मची चाचणी करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत हे होऊ शकते. औषधाच्या बशीवरच्या काही वसाहतींची खातरजमा तेवढी वेगळी करावी लागते.

नमुना घेताना पाणी केंद्रात येते तिथला आणि बाहेर पडते तिथला, असे दोन्ही घ्यावेत, आणि बाहेरचा नमुना पाणी टाकीत जितका वेळ राहते तितका उशिरा घ्यावा. क्लोरीन असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालावे, नाही तर बाटलीतही जिवाणू मरत राहतात आणि निकाल खोटा चांगला येतो. बाटल्या बर्फावर ठेवून त्याच दिवशी तपासाव्यात. गाळाचा नमुनाही याच वेळापत्रकात बसवावा. निकाल लिहिताना टक्केवारीबरोबर १०० मिलिलिटरमागची प्रत्यक्ष संख्या आणि त्या दिवशीचा प्रवाह हे दोन्ही लिहावे, म्हणजे रोज किती प्रतिरोधी पेशी बाहेर गेल्या याचा हिशेब करता येतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सुधारित निर्देशात एक लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येइतका भार असलेल्या वस्त्यांसाठी सांडपाण्यातील औषधरोधाची पाहणी बंधनकारक झाली आहे. ज्यांना कायद्याची वाट पाहायची नाही, त्यांनी पावसाळ्याआधी एक, ऐन पावसात एक आणि कोरड्या हवेत एक एवढ्या नमुन्यांपासून सुरुवात केली, तरी आपल्या केंद्राचे चित्र दिसू लागेल. कोणाला नमुन्यांच्या नोंदीचा तक्ता हवा असल्यास मी त्याचे रकाने पुढच्या प्रतिसादात देतो.